मामाचं घर आणि आत्याची बॉक्सरूम

"तुझ्या बॉक्सरूममध्ये? नव्या नवरानवरीला?" मेथी खुडता खुडता काकूंचा हात थांबला. "अगं, तिथे इस्त्रीचं टेबल उभं केलं तर माणसाला आडवं व्हायला जागा उरत नाही!"

स्लाऊतली आमची घरं एकमेकांना चिकटलेली आणि परसबागा एकमेकींना खेटलेल्या. मधलं लाकडी कुंपण माझ्या खांद्याला लागतं, काकूंच्या हनुवटीला. त्यामुळे पलीकडून त्यांचं नुसतं डोकं दिसतं आणि ठाम मत द्यायचं असलं की ते टाचा उचलून आणखी वर येतं. हीथ्रोचं विमान डोक्यावरून गेलं की तेवढ्यापुरतं गप्प बसायचं आणि वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे धरायचं. काकू मूळच्या गिरगावच्या. जन्म इथे गेला, पण "काय मेलं ते" अजून तसंच आहे.

"वहिनी म्हणतात, आत्या तिथे असताना हॉटेलात पैसे कशाला घालायचे?"

"वहिनी सांगलीत बसून म्हणते. इथे ती दोघं रात्री कुजबुजली तरी भिंतीपलीकडे तुझ्या नवऱ्याला ऐकू जाणार. सकाळी एक बाथरूम आणि पाच माणसं. त्याला मधुचंद्र म्हणायचं की धर्मशाळा?"

मला बाजू मांडणं भाग होतं. म्हटलं, "काकू, एलिझाबेथ राणीसुद्धा 1947 मध्ये लग्न झाल्यावर नवऱ्याच्या मामाकडेच गेली होती. ब्रॉडलँड्सला, माउंटबॅटनच्या घरी. फिलिपचा सख्खा मामा तो."

"हो, गेली. आणि रॉम्सीच्या चर्चमध्ये त्यांना बघायला ही गर्दी उसळली. शेवटी स्कॉटलंडात बर्कहॉलला गेली तेव्हा कुठे जरा निवांतपणा मिळाला. आणि त्या मामाच्या घरात खोल्या किती होत्या, ते बघून आलीस का? मामाचं घर मोठं असेल तर मामाकडे जावं. तुझी बॉक्सरूम ब्रॉडलँड्स नाही, बाई."

यावर काय बोलणार! राजघराण्याच्या बाबतीत काकूंशी वाद घालू नये. विंडसर इथून गाडीने सहा मिनिटांवर. मधे एक स्टेशनसुद्धा नाही. त्यामुळे तिथलं सगळं वाड्यातलंच असल्यासारखं त्या सांगतात. "व्हिक्टोरियाचं काय झालं ठाऊक आहे? 1840 च्या फेब्रुवारीत लग्न. अल्बर्टची बिचाऱ्याची इच्छा, जरा जास्त दिवस विंडसरला राहावं. हिने लग्नाआधीच कळवून टाकलं की मी राणी आहे, पार्लमेंट चालू आहे, राज्याची कामं थांबायची नाहीत. दोन-तीन दिवसांत परत लंडनला. आताच्या पोरांचं वेगळं काय आहे? लॅपटॉप घेऊनच येतात मेले."

"वहिनींनी सगळा बेत पाठवलाय," मी मोबाइल कुंपणावरून पुढे केला. काकूंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. तुळशीचं लग्न लागलं की पंधरा दिवसांत यांचं. मग सत्यनारायण, मग जेजुरी, मग कोल्हापूरला अंबाबाई, आणि ख्रिसमसच्या सुट्टीत इकडे. नऊ रात्री. लंडन, ऑक्सफर्ड, बाथ, स्टोनहेंज, मँचेस्टर, एडिंबरा, लॉख नेस आणि जाता जाता पॅरिस.

"जेजुरीला त्याने तिला पायऱ्या उचलून चढवायच्या, आणि इथे दोघांनी सुटकेसा उचलून," काकू म्हणाल्या. "आणि पॅरिस जाता जाता? त्याला शेंगेनचा वेगळा व्हिसा लागतो, हे कुणी सांगितलं का त्यांना? इथल्या व्हिसावर पलीकडे पाऊल टाकता येत नाही. आणि ख्रिसमस! अगं, 25 डिसेंबरला या देशात एक आगगाडी धावत नाही. ट्यूब बंद, लंडनच्या बस बंद. 26 लासुद्धा नावापुरत्या गाड्या."

मग मंडळातल्या एका बाईंच्या पुतणीची गोष्ट आली. लंडनचं महाराष्ट्र मंडळ म्हणजे 1932 सालचं, आणि डॉलिस हिलच्या त्या इमारतीत गणपतीत जेवढ्या आरत्या होतात त्याहून जास्त बातम्या फिरतात. ही पुतणी लग्न करून आली ती बरोबर 24 तारखेला. दुसऱ्या दिवशी दोघं नटूनथटून खाली उतरली. स्टेशनला कुलूप. हॉटेलच्या जेवणाचा भाव बघून परत खोलीत. दिवसभर किटलीतल्या पाण्याचा चहा आणि रुखवतातला चिवडा. बाहेर फिरावं म्हटलं तर चारच्या आत अंधार.

"आणि वर स्कॉटलंडात साडेतीनलाच दिवे लागतात. डोंगरातली निम्मी गेस्टहाउसं हिवाळ्यात बंद असतात. लॉख नेस बघायला गेलीच, तर तो राक्षस समोर येऊन बसला तरी दिसायचा नाही. लग्न करा डिसेंबरात, कोण नको म्हणतंय? फिरायला या मे महिन्यात. पहिल्या पंधरवड्यात. साडेनऊपर्यंत उजेड, जंगलात निळी फुलं, आणि चिलटं अजून निघालेली नसतात."

"चिलटं?"

"मिज म्हणतात त्यांना. डास परवडला. डोळ्याला दिसत नाहीत इतकी बारीक, पण ढगच्या ढग अंगावर येतो. जून ते ऑगस्ट त्या डोंगरात तळ्याकाठी संध्याकाळी फोटो काढायला उभं राहून दाखव. नवरी फोटोत स्वतःला थोबाडीत मारताना दिसते. फक्त मे महिन्यातला पहिला आणि शेवटचा सोमवार टाळायचा. बँक हॉलिडे असतो, सगळा देश रस्त्यावर."

काका आतून ओरडले, चहा झाला का. काकूंनी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण ऐकलं नाही.

"आता महत्त्वाचं सांगते. मुलीचा पासपोर्ट कुठल्या नावावर आहे?"

"माहेरच्याच असणार."

"मग तिकीट त्याच नावाने, व्हिसा त्याच नावाने. सासूबाईंना हौस असते. तांदळात नवं नाव लिहिलं, लगेच तिकिटावरही तेच. मग विमानतळावर काउंटरवरची मुलगी विचारते, ह्या कोण? पासपोर्टवर एक, तिकिटावर दुसरी. तांदळात काय लिहायचं ते लिहा, तिकिटावर पासपोर्टातलं अक्षर न अक्षर. लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा काही नियम नाही. आणि आत्ता बदलायला टाकला, तर तो तिकडे अडकून बसेल. मग व्हिसाचा अर्ज कशावर करणार? महापालिकेकडून लग्नाचा दाखला काढून एक प्रत बरोबर ठेवायची. कुणी विचारलंच, तर दाखवायची."

व्हिसाचं त्यांनी झटक्यात उरकलं. नवराबायको असली तरी अर्ज दोघांचे वेगळे, फी वेगळी, बोटांचे ठसे द्यायला पुण्याला नाहीतर मुंबईला दोघांनी जायचं. प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी अर्ज करता येत नाही. ठसे दिल्यावर साधारण तीन आठवडे धरायचे. म्हणजे मे महिन्यासाठी फेब्रुवारीत बसायचं. "आणि विमा घे म्हणावं. इथलं सरकारी हॉस्पिटल आपल्याला फुकट असतं, पाहुण्यांना नाही."

मी म्हटलं, "रेल्वे फार महाग पडेल ना काकू? दादा म्हणतो गाडीच भाड्याने घ्या."

इथे काकूंचं डोकं टाचांसकट वर आलं. "टू टुगेदर कार्ड! अगं, देवाने नवविवाहितांसाठीच काढलंय ते. 35 पौंडांना वर्षभराचं. दोघांची नावं, दोघांचे फोटो एकाच कार्डावर, आणि तिकिटात एक तृतीयांश सूट. परदेशातून आलेल्यांनाही मिळतं. स्कॉटलंडच्या एका खेपेत पैसे वसूल. अट एकच, दोघांनी बरोबर प्रवास करायचा. पूर्ण प्रवास. एक जण मधेच रुसून उतरला की दुसऱ्याची सूट गेली."

"म्हणजे भांडलं तरी शेजारी बसायचं."

"तेच तर चांगलं आहे. आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही. म्हणजे सासूबाईंच्या हिशेबाने पहाटे पाचला उठून निघायचा प्रश्नच नाही."

"फोटो मुंडावळ्यांतला चालेल का?"

"चालेल गं, चेहरा दिसला म्हणजे झालं," काकू अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "पण गाडीची तिकिटं आधी काढायची. साधारण बारा आठवडे आधी ॲडव्हान्सची तिकिटं सुटतात, तेव्हा स्वस्त असतात. ती मात्र त्याच गाडीला चालतात. चुकली गाडी की गेले पैसे. आणि लंडनात ट्यूबला एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. ज्याचं त्याचं कार्ड. तो पुढे टॅप करून पलीकडे जातो आणि ही फाटकाच्या अलीकडे उभी. पहिल्याच दिवशी ताटातूट."

एवढं झाल्यावर आम्ही मूळ प्रश्नाकडे आलो. जायचं कुठे? काकूंचं म्हणणं, दोन ठिकाणं. तिसरं नाव काढलं तर फोन बंद. लंडनचे दोन दिवस, कारण उतरायचं तिथेच आहे. तिथली मोठी म्युझियम फुकट आहेत, पाऊस आला की आत शिरायचं. आणि प्रिमरोज हिलजवळ 10, किंग हेन्रीज रोडला बाबासाहेब शिकत असताना राहिले होते, ते घर 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलंय, ते बघायचं. "सेल्फी काढायला मादाम तुसाँकडे पैसे घालतात आणि हे फुकट असून जात नाहीत," असा एक शेरा मारून त्या थेट यूस्टन स्टेशनवर पोचल्या.

"रात्री नवाच्या सुमाराला तिथून फोर्ट विल्यमची झोपायची गाडी सुटते. कॅलेडोनियन स्लीपर. शनिवारी नसते. 2019 मध्ये तिचे नवे डबे आले. त्यात साध्या खोल्यांना एकावर एक बर्थ असतात, आपल्या महालक्ष्मी एक्स्प्रेससारखे, पण डबल पलंगाची खोलीही मिळते. महाग आहे. पण एका रात्रीचं हॉटेल वाचतं आणि सकाळी पडदा सरकवला की बाहेर रॅनक मूर. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. नुसतं तांबूस गवत, पाण्याची डबकी, आणि नशिबात असलं तर हरणं. मधे कॉरूर नावाचं स्टेशन आहे, तिथवर गाडीरस्ताच नाही. आगगाडीनेच यायचं किंवा पायी. काका तिथे उतरायचं म्हणत होते. मी म्हटलं, चहा मिळेल का याची खात्री करा, मग उतरा."

पुढे फोर्ट विल्यमहून मॅलेगची गाडी. कोळशाच्या इंजिनाची जॅकोबाइट हवी असेल तर फार आधी बुकिंग लागतं, पण त्याच रुळांवरून स्कॉटरेलची साधी गाडी जाते, तोच ग्लेनफिनन पूल, त्याच 21 कमानी, आणि तिकीट कितीतरी कमी. जाताना डावीकडे बसायचं. मॅलेगहून बोटीने पाऊण तासात स्काय बेट. आणि परत येताना पूल ओलांडला की जवळच आयलन डोनन किल्ला.

"कुठला?"

"अगं, 'कुछ कुछ होता है'! 1998 चा. शाहरुख आणि काजोल पाण्यातल्या त्या किल्ल्यासमोर नाचत नाहीत का? तो. आपली सगळी जोडपी तिथे हात पसरून उभी असतात. स्कॉटिश लोकांना वाटतं हा आपला काहीतरी धार्मिक विधी आहे."

स्कायवर मात्र गाडी भाड्याने घ्यावी, तिथे बस मोजक्याच. आपलं लायसन्स पाहुण्यांना इथे बारा महिने चालतं आणि गाडी डाव्याच बाजूने हाकायची, हे दादाला आवडेल. पण गाडी ऑटोमॅटिक हवी की गिअरची ते आधी सांगायचं, आणि क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. तिथले रस्ते एका गाडीपुरते. ठरावीक अंतरावर बाजूला फुगवटा ठेवलेला असतो. समोरून कुणी आलं की त्यात शिरायचं, हात वर करून आभार मानायचे. "त्या जागेत गाडी लावून फोटो काढायचे नाहीत. मागून शेतकरी येतो आणि तो कुछ कुछ नाही, बरंच काही बोलतो."

ज्यांना गाडी चालवायची नाही त्यांच्यासाठी लेक डिस्ट्रिक्ट. ऑक्सनहोमला गाडी बदलून विंडरमिअरला उतरायचं, पुढे बस. इंग्लंडात बहुतेक बसना एकेरी भाडं 3 पौंडांच्या वर घेत नाहीत. तळ्यात बोट, डोंगरात चालणं, ग्रासमिअरला आल्याचा तो खमंग जिंजरब्रेड. बस्स.

"आणि ग्रेटना ग्रीन?" मला उगीच विचारावंसं वाटलं.

"तिथे पळून गेलेल्यांनी जायचं. यांचं तर पाचशे पानं उठवून लग्न होणार आहे." पण गावगप्पा म्हटल्यावर काकू गोष्ट अर्धी सोडत नाहीत. 1754 पासून इंग्लंडात एकविशीच्या आतल्यांना आईबापांच्या संमतीशिवाय लग्न करता येईना. सरहद्दीपलीकडे स्कॉटलंडात दोन साक्षीदारांसमोर हो म्हटलं की लग्न. मग पोरंपोरी घोडागाडीतून पळत सुटायची, सरहद्दीवरचं पहिलंच गाव ग्रेटना, आणि लोहाराच्या ऐरणीवर घण पडला की झालं. मागून बाप पोचेपर्यंत अक्षता पडलेल्या. "शेवटी 1856 मध्ये कायदा आला. निदान एकाने तरी आधी 21 दिवस स्कॉटलंडात राहिलेलं पाहिजे. म्हणजे बापाला गाठायला तीन आठवडे मिळाले."

राहण्याबद्दल काकूंचं मत असं की हॉटेलपेक्षा बी अँड बी बरं. कुणाच्या तरी घरची वरची खोली, खिडकीत किटली, आणि खाली सकाळी आठ ते साडेनऊ नाश्ता. बुकिंग करताना 'डबल' लिहायचं. मागे कुणीतरी 'ट्विन' घेतली, दोन माणसांची म्हणून. दोन वेगळे पलंग, मधे टेबल, टेबलावर बायबल. मालकीणबाई आदल्या रात्री एक कागद देते, त्यावर सकाळी काय काय हवं त्याच्या खुणा करायच्या. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगायचं. मग टोमॅटो, मशरूम, बीन्स, लापशी असं बऱ्यापैकी ताट भरतं, शाकाहारी हॅगिससुद्धा मिळतो. "ब्लॅक पुडिंग बघून गोड समजून खाऊ नका म्हणावं. डुकराच्या रक्ताचं असतं ते. आणि साडेनऊ म्हणजे साडेनऊ. पावणेदहाला उतरलात तर ती बाई हसून गुड मॉर्निंग म्हणेल आणि गॅस बंद करेल."

केस वाळवायचं मशीन न्हाणीघरात चालणार नाही, तिथे प्लग नसतो. तीन चौकोनी पायांचा अडॅप्टर आणायचा. संडासात पाण्याची सोय नसते, एक प्लास्टिकची बाटली बॅगेत. (हे काकू हळू बोलल्या. एरवी हळू बोलण्याचं त्यांचं बटणच नाही.) छत्री नको, वारा उलटी करतो, टोपीचं जाकीट हवं. दागिने मंगळसूत्रापुरते. पाटल्या-तोडे घेऊन निघायची हौसच असेल तर जाताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून कागद करून घ्यायचा, नाहीतर परतताना ते आपलेच होते हे सिद्ध करत बसा. चकल्या, चिवडा, शंकरपाळी आणा, पेढे-बर्फी नको, दुधाचं काही आणायला बंदी आहे. मुलीच्या आईने कढीपत्ता कोंबला असेल तर तो काढून ठेवायचा. आणि दुकानांच्या पावत्या जपून ठेवा, विमानतळावर टॅक्स परत मिळतो, असं कुणी सांगितलं तर ते जुनं झालं. 2021 पासून बंद आहे.

मी मोबाइलवर भराभर टिपत होते. "पण काकू, हे सगळं पटलं तरी वहिनींना सांगणार कोण? त्यांना वाटेल मला घरी ठेवून घ्यायचं नाही."

"पहिली रात्र ये म्हणावं. विमानातून उतरली की वरणभात खाऊ दे, झोपू दे. दुसऱ्या दिवशी विंडसर दाखव. मंगळवार-बुधवार सोडून, तेव्हा राजवाडा बंद असतो. तिथून सोडून द्यायचं. आत्याने एवढंच करायचं." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी माथेरान होतं. नेरळहून छोटी गाडी. आणि आमच्या दोघांच्या मधे बसलेली कोण? धाकटी नणंद! सासूबाईंनी पाठवलेली. म्हणे तिलाही जरा हवापालट. तीन दिवस ती घोड्यावर बसायचं म्हणून रडत होती आणि हे तिला घेऊन घोड्यामागे पळत होते. मी खोलीत चिक्की खात बसले. अजून नणंदेशी बोलताना मला ते घोडं दिसतं."

मी मेथीच्या कुंडीकडे बघत राहिले. छान तरारली होती.

"लाव फोन," काकू म्हणाल्या. "वहिनीला. मी बोलते."

नको नको म्हणेपर्यंत फोन लागलासुद्धा. सांगलीत जेवणं आटोपली होती. काकूंनी आधी तब्येत विचारली, मग माहेर. वहिनींची मावशी गिरगावात फणसवाडीत राहायची हे निघालं, मग ती मावशी कुठल्या चाळीत, तिच्या मुलीला कुठे दिलं, ती चाळ पाडून तिथे आता काय उभं राहिलं. काका चहाचे कप घेऊन स्वतःच बाहेर आले आणि ऐकत उभे राहिले. डोक्यावरून विमानं गेली. मधुचंद्राचं नाव नाही. शेवटी काकूंनी सहज विचारावं तसं विचारलं, "बरं, तुम्ही दोघं कुठे गेला होतात हो लग्नानंतर?"

"महाबळेश्वरला."

"दोघंच?"

पलीकडे क्षणभर काही नाही. मग स्पीकरवर वहिनींचं हसू फुटलं. "दोघं कुठली! आमच्या बरोबर एक सातवीतली होती. रोज दोन वाट्या स्ट्रॉबेरी-क्रीम आणि रात्री भीती वाटते म्हणून आमच्याच खोलीत. विचारा तिला, कुंपणापाशीच उभी असेल ना?"